‘मॅश’मध्ये नेमकी कुणाची जिरते?

शॉवरचा तंबू. आत मेजर मार्गारेट हुलिहान अंघोळ करतेय. बाहेर छावणीतली मंडळी नाटकाला बसावं तशी बसली आहेत. पैज लागलीय: हिच्या केसांचा सोनेरी रंग खरा की बाटलीतला? बाकीच्या नर्सेसना काहीतरी निमित्त काढून आधीच बाजूला केलंय. इशारा होतो, दोरी ओढली जाते, तंबूची एक बाजू वर जाते. मार्गारेट स्वतःला जमिनीवर झोकून देते. लोक टाळ्या वाजवतात.

मग ती अंगाभोवती कपडा गुंडाळून थेट कमांडिंग ऑफिसरच्या तंबूत घुसते. हे इस्पितळ नाही, वेड्यांचा बाजार आहे, असं ओरडून सांगते. राजीनामा देण्याची धमकी देते. कर्नल ब्लेक त्या वेळी एका नर्सबरोबर बिछान्यात आहेत. ते शांतपणे म्हणतात, मग दे राजीनामा.

रॉबर्ट ऑल्टमनच्या ‘मॅश’मधला (१९७०) हा सगळ्यात गाजलेला विनोद. मॅश म्हणजे मोबाइल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल, आघाडीच्या मागे तंबूंमध्ये उभारलेलं लष्कराचं फिरतं इस्पितळ. काळ कोरियन युद्धाचा. महान युद्धपटांची किंवा महान कॉमेडींची कुठलीही यादी काढा, त्यात हे नाव असतंच. आता पुन्हा बघायला घेतला तर पहिल्या तासाभरात दोन-तीनदा थांबवावा लागतो. वाईट बनवलाय म्हणून नाही. उलट इतका चांगला बनवलाय की जे चाललंय ते फार स्पष्ट दिसतं.

आधी त्याचं देणं देऊन टाकू. १९७०मध्ये अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाची धग घराघरात पोचली होती. पोरांना सक्तीने सैन्यात नेलं जात होतं. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स हा स्टुडिओ ‘पॅटन’ आणि ‘तोरा! तोरा! तोरा!’ या दोन भल्यामोठ्या युद्धपटांत गुंतला होता. आपल्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा बेताने ऑल्टमनने कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत हा तुलनेने स्वस्तातला सिनेमा उरकला. पटकथा रिंग लार्डनर ज्युनियरची. हा माणूस हॉलिवूडमधल्या कम्युनिस्ट-शोधाच्या काळात सरकारी समितीपुढे उत्तरं द्यायला नकार देऊन तुरुंगात गेला होता आणि कितीतरी वर्षं काळ्या यादीत होता. ‘मॅश’साठी त्याला ऑस्कर मिळालं. सिनेमाला कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पडद्यावर कोरिया लिहिलेलं होतं, पण बघणाऱ्यांना व्हिएतनाम दिसत होतं, आणि ऑल्टमनला तेच हवं होतं.

आणि त्याचा आवाज! चार-पाच माणसं एकाच वेळी बोलतात, कुणाचं वाक्य पुरं होत नाही, मध्येच लाउडस्पीकर खरखरतो आणि काहीतरी अर्धवट घोषणा करतो. आज आपण ज्याला ‘नॅचरल डायलॉग’ म्हणतो त्यातलं बरंच काही इथून आलंय. ऑपरेशन थिएटरचे प्रसंग तर अजूनही अंगावर येतात. मानेतून रक्ताची चिळकांडी उडते आणि डॉक्टर हात न थांबवता गप्पा मारत राहतात. एका प्रसंगी पाद्री शेजारच्या मृत सैनिकासाठी प्रार्थना करतोय. हॉकआय त्याला बोलावून सांगतो की हे इथे धर, तो मेलाय, हा अजून जिवंत आहे. एवढंच. पुढे भाषण नाही, पार्श्वसंगीत नाही. युद्धविरोधी सिनेमाने काय करावं याचा हा प्रसंग म्हणजे धडाच आहे.

तर मग अडतं कुठे?

मराठीत एक क्रियापद आहे, ‘जिरवणं’. फार समाधान देणारा शब्द. ‘कशी जिरवली!’ म्हणताना जी गुदगुली होते तिच्यावर अर्धे विनोदी सिनेमे चालतात. पण जिरवायला आधी समोरच्याला माज असावा लागतो, आणि तो माज दाखवायची जबाबदारी सिनेमाची असते. ‘मॅश’ची अडचण इथे आहे.

सिनेमाने स्वतःच एक माप ठरवलंय. हॉकआय (डोनाल्ड सदरलँड) आणि ट्रॅपर जॉन (इलियट गूल्ड) बेशिस्त आहेत, दारू पितात, वरिष्ठांना जुमानत नाहीत, पण सर्जन म्हणून अव्वल आहेत. ज्याला आपलं काम येतं त्याला बाकी सगळं माफ, आणि ज्याला येत नाही तोच नियमांच्या आड लपतो. हे माप मेजर फ्रँक बर्न्सला (रॉबर्ट ड्युव्हॉल) बरोबर लागू पडतं. तो गुडघे टेकून प्रार्थना करतो, सगळ्यांना नीतीचे धडे देतो, आणि रुग्ण दगावला की दोष एका कोवळ्या मदतनीस पोरावर ढकलतो. ते पोर रडवेलं होतं. ट्रॅपर बर्न्सच्या तोंडावर ठोसा मारतो तेव्हा आपणही मनात मारलेला असतो. जिरली. रास्त जिरली.

आता हेच माप मार्गारेटला लावून बघा. ती हेड नर्स म्हणून येते. तिला छावणीत शिस्त हवी आहे. ती ताठ आहे, जरा आगाऊ आहे, विनोदबुद्धीच्या नावाने शून्य. बर्न्सबरोबर बसून ती वरिष्ठांकडे तक्रारीचं पत्र लिहिते. पण कामात? एका ऑपरेशनच्या वेळी तिला सरळ सांगितलं जातं की तू डोक्याला ताप असशील, पण नर्स एकदम चांगली आहेस. म्हणजे सिनेमाच्याच मापाने ती पास आहे. हॉकआय-ट्रॅपरच्या राज्यात चांगलं काम करणाऱ्याला अभय असतं म्हणतात, मग तिला का नाही?

तिच्याबाबतीत माप बदलतं. बर्न्सचा गुन्हा म्हणजे त्याचं काम. मार्गारेटचा गुन्हा म्हणजे तिने आक्षेप घेतला.

तिची शिक्षा दोन हप्त्यांत होते. शॉवरचा प्रसंग दुसरा. पहिल्यात ती आणि बर्न्स रात्री तंबूत एकत्र असताना मायक्रोफोन गुपचूप आत सरकवला जातो आणि त्यांचा प्रणय लाउडस्पीकरवरून अख्ख्या छावणीला ऐकवला जातो. ती त्या क्षणी जे बोलते त्यातून तिला ‘हॉट लिप्स’ हे नाव पडतं. दुसऱ्या दिवशी हॉकआय बर्न्सला डिवचतो, बर्न्स त्याच्या अंगावर धावून जातो आणि वेड्याचा अंगरखा घालून त्याची रवानगी होते. तो सुटला. मार्गारेटला मात्र तिथेच राहायचंय, त्याच नावासकट. पुढचा सगळा सिनेमाभर माणसं तिच्या तोंडावर तिला त्या नावाने हाका मारतात. मेजर हुलिहान कुणाच्या लक्षातही राहत नाही.

हातात फोन घेऊन वाढलेल्या पिढीला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कुणाचं तरी अगदी खासगीतलं काहीतरी ग्रुपवर पडतं, रात्रीत शेकडो फोनवर पोचतं, आणि सकाळी त्या मुलीला त्याच कॉलेजात, त्याच ऑफिसात यावं लागतं. ज्याने रेकॉर्ड केलं त्याचं नाव कुणी विचारत नाही. १९७०च्या प्रेक्षकाला मायक्रोफोनची युक्ती ही भन्नाट कल्पना वाटली असेल. आपल्याला ती रोजची बातमी वाटते. विनोद शिळा होण्याची ही एक वेगळीच तऱ्हा आहे, नाही का?

‘काळच तसा होता हो’ हा बचाव इथे हमखास येतो. तो मला पुरेसा वाटत नाही, कारण त्या काळातल्या लोकांनाही यातला क्रूरपणा दिसत होता. समीक्षक रॉजर इबर्टने १९७०मध्येच या सिनेमाला चार तारे देताना लिहिलं होतं की त्याचे नायक निर्दय आहेत, आणि आपण हसतो ते आपल्यातल्या कबूल न केलेल्या क्रूर माणसाला इथे वाट मिळते म्हणून. म्हणजे क्रूरपणा त्याच्या नजरेतून सुटला नव्हता. तो त्याला गुण वाटला. फरक कळण्या-न कळण्याचा नाही. कुणाच्या वाट्याला आलेला क्रूरपणा आपण मजेत मोजतो आणि कुणाच्या वाट्याचा नाही, याचा तो फरक आहे.

दुसरा बचाव जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. तो असा की त्या फजितीनंतर मार्गारेट बदलते, ताठा सोडते, माणसात येते. भूमिका करणाऱ्या सॅली केलरमनने स्वतः या व्यक्तिरेखेची अशी पाठराखण केली आहे, आणि या कामासाठी तिला ऑस्करचं नामांकनही होतं. तिच्या अभिनयाबद्दल वादच नाही. तंबूतला तिचा आक्रोश इतका खरा आहे की त्याच्यापुढे बाकी सगळा विनोद क्षणभर फिका पडतो. दिग्दर्शकाला ते कापावंसं वाटलं नाही हेही त्याच्या बाजूने लिहून ठेवू.

पण ती ‘माणसात येते’ म्हणजे काय होतं ते बघा. पुढे ती आपल्याला ड्यूकबरोबर दिसते, म्हणजे पैज लावणाऱ्यांपैकीच एकाबरोबर. शेवटच्या फुटबॉल सामन्यात ती चिअरलीडर आहे. पाव संपल्याची बंदूक वाजते तर तिला वाटतं कुणाला तरी गोळी घातली. आघाडीजवळच्या इस्पितळाची नर्सिंगची धुरा सांभाळणारी मेजर! तिला गटात घेतलं गेलं खरं, पण आत यायची किंमत म्हणून तिला डोकं बाहेर ठेवावं लागलं.

आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे: रॅगिंग. आधी कपडे उतरवायचे, मग म्हणायचं, आता तू आपल्यातला. ‘तेवढ्याने माणूस मोकळा होतो’, ‘ताठा जातो’, ‘पुढे हेच सीनियर नोट्स देतात’ ही सगळी वाक्यं मेडिकलच्या हॉस्टेलांत पिढ्यानपिढ्या ऐकवली गेली आहेत. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगबंदीचा स्वतंत्र कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. ‘मॅश’चे नायकही डॉक्टरच आहेत, तेही हुशार, लाडके, ज्यांच्यावाचून इस्पितळ चालणार नाही असे. मार्गारेटची तक्रार ऐकून कर्नल ब्लेक जे करतात, तेच अनेक हॉस्टेलच्या रेक्टरांनी केलेलं असतं. पोरं हुशार आहेत, जाऊ दे.

बाकीच्या गोष्टी पटापट. डेंटिस्ट ‘पेनलेस’ला एकदा अपयश येतं आणि आपण समलिंगी आहोत अशी शंका येते, म्हणून तो मरायला निघतो. त्याला बरं करण्यासाठी लेफ्टनंट डिश या नर्सला त्याच्या बिछान्यात पाठवलं जातं. ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या चित्राची जी नक्कल इथे केलीय ती दृश्य म्हणून अफलातून आहे, पण समलिंगी असणं म्हणजे जीव द्यायचं कारण हे गृहीत त्यात कुणी तपासत नाही, आणि स्त्री तर चक्क औषधाच्या गोळीसारखी वापरलीय. सामन्यासाठी आणलेला काळा न्यूरोसर्जन कागदावर उत्तम पात्र आहे, पण त्याचं नाव ‘स्पिअरचकर’, म्हणजे भालेफेक्या. खुलासा म्हणे तो भाला फेकायचा. हं. जपानमधल्या प्रसंगात हे दोघे एका तान्ह्या बाळाला वाचवण्यासाठी लष्करी इस्पितळाचे नियम मोडतात, आणि अडवणाऱ्या कर्नलला बेशुद्ध करून वेश्येबरोबर त्याचे फोटो काढतात. हेतू बघा, पद्धत बघा. या माणसांकडे हत्यार एकच आहे, कुणाला तरी उघडं पाडण्याचं.

आणि ते हत्यार वर कधी रोखलं जात नाही. जनरल हॅमंड येतो तो चौकशीसाठी, पण त्याला फुटबॉलच्या सामन्यात आणि पैजेत जास्त रस. सत्तेविरुद्धचं बंड म्हणून मिरवणाऱ्या सिनेमात सत्तेचं सर्वात मोठं नुकसान होतं ते पैजेच्या पैशांचं. कदाचित खरंही असेल हे. ज्याला वरच्याला हात लावता येत नाही तो शेजारच्याला चावतो. सक्तीने भरती झालेल्या, रोज कोवळ्या पोरांची आतडी शिवणाऱ्या माणसांचं असं होऊ शकतं. हा सिनेमा जर ते *दाखवत* असता तर तो आजही धारदार राहिला असता. पण शॉवरच्या प्रसंगात कॅमेरा कुठे असतो? गर्दीत. आपल्याला त्याने पहिल्या रांगेत जागा पकडून दिलेली असते.

याच सिनेमात एक दुसरा सिनेमा दडलेला आहे, आणि पुन्हा बघताना मला तोच जास्त छळतो. हो-जॉन नावाचा कोरियन पोरगा डॉक्टरांच्या तंबूत पडेल ते काम करतो. बर्न्स त्याला बायबलवरून वाचायला शिकवतो, तर ड्यूक त्याच्या हातात उघड्या बायकांचं मासिक देतो. इथेही हशा. मग त्याला दक्षिण कोरियाच्या सैन्यात भरतीचं बोलावणं येतं. हॉकआय त्याला असं औषध देतो की छातीची धडधड वाढावी आणि तपासणीत तो नापास व्हावा. कोरियन डॉक्टर छाती तपासतो, युक्ती ओळखतो आणि पोराला ठेवून घेतो. हॉकआयला निरोप घेऊन निघावं लागतं. सबंध सिनेमात त्याची हुशारी हरते ती या एकाच जागी, आणि ते दोन मिनिटांत संपतं. पुढे एका प्रसंगात मंडळी पत्ते खेळताहेत आणि जीपवरून एक मृतदेह नेला जातो. मूळ बेतात तो हो-जॉनचा होता, पण मधला धागा कापला गेला. आता तो कुणाचाच नाही.

लाखो कोरियन ज्या युद्धात मेले त्यावरच्या सिनेमात कोरियन माणसाच्या वाट्याला एवढंच. लाउडस्पीकरवर गाणी लागतात तीही जपानी. हे आपल्याला जरा जास्तच खटकायला हवं, कारण त्या युद्धात आपणही होतो, आणि नेमके तंबूतल्या इस्पितळातच. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालची ६०वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स १९५०च्या नोव्हेंबरात कोरियात पोचली होती. १९५३मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण करायला भारताची जी फौज गेली, तिचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते. त्या तंबूंतही डॉक्टर थकले असतील, चिडले असतील, टवाळक्याही केल्या असतील. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही. ‘कोरियन युद्ध’ म्हटलं की जगाला हॉकआयच आठवतो.

सगळ्याच जुन्या युद्ध-कॉमेडी शिळ्या होतात असं मात्र नाही. ‘मॅश’च्या २८ वर्षं आधीचा अर्न्स्ट लुबिचचा ‘टू बी ऑर नॉट टू बी’ (१९४२) बघा. वॉर्सातली एक नाटक मंडळी नाझींना फसवते. सिनेमा आला तेव्हा युद्ध चालू होतं, आणि पोलंडच्या दुःखावर विनोद करतो म्हणून लुबिचवर टीकाही झाली. बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू होता तो. त्यातही एक टोपणनाव आहे. गेस्टापोच्या कर्नल एरहार्टला कळतं की लंडनमध्ये आपल्याला ‘छळछावणी एरहार्ट’ म्हणतात, आणि तो खूश होऊन ते नाव पुन्हा पुन्हा उच्चारत राहतो. ज्याला ते लावलं तो स्वतःच्या तोंडाने स्वतःची लाज मिरवतो. ‘हॉट लिप्स’च्या शेजारी हे ठेवून बघा. शिवाय त्याच सिनेमात ग्रीनबर्ग नावाचा एक फुटकळ कामं करणारा नट आहे. त्याला आयुष्यभर शायलॉक करायचा असतो. लुबिच शेवटी त्याला ते भाषण करायला मिळवून देतो, तेही सशस्त्र नाझींच्या कोंडाळ्यात, जिवावर बेतलेलं असताना. मंडळीतला सगळ्यात लहान माणूस त्या क्षणी सगळ्यात मोठा होतो.

मार्गारेटला तिचं भाषण मिळालं, पण दुसरीकडे. १९७२मध्ये ‘मॅश’ची टीव्ही मालिका सुरू झाली आणि तीन वर्षांचं युद्ध ११ वर्षं चाललं. लोरेटा स्विटने केलेली मार्गारेट सुरुवातीला तीच होती, बर्न्सची प्रेयसी आणि चेष्टेचा विषय. मग लेखक बदलत गेले, काळ बदलला, आणि हळूहळू ते टोपणनाव मागे पडलं. ती चिडली, एकटी पडली, तिचं लग्न झालं, मोडलं, तिने आपल्या नर्सेसना सुनावलं आणि सांभाळलंही. फेब्रुवारी १९८३मध्ये शेवटचा भाग दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला तेव्हा ती मेजर हुलिहान होती. ज्या सर्जनच्या कादंबरीवरून हे सगळं सुरू झालं त्याला, म्हणजे रिचर्ड हूकर या नावाने लिहिणाऱ्या हॉर्नबर्गरला, मालिका आवडली नव्हती. सिनेमा आवडला होता.

‘मॅश’ बघू नका असं मी म्हणणार नाही. शक्यतो हेडफोन लावून बघा, तो आवाजासाठीच बनलाय. शेवटी हॉकआय आणि ड्यूक जीपमध्ये बसून निघून जातात, लाउडस्पीकर पुन्हा खरखरतो, आणि आजचा सिनेमा होता ‘मॅश’, असं सांगून कलाकारांची नावं एकेक करून वाचतो. मार्गारेटची रात्र छावणीला ऐकवली होती तोच हा लाउडस्पीकर. यादीत सॅली केलरमनचं नाव येतं, आणि तो पुढचं नाव घेतो.